धुऱ्यावरच्या खुंट्या

विजेला सरहद्द ठाऊक नसते. आकाशातली वीज जशी वऱ्हाड कोणतं आणि मोगलाई कोणती हे विचारून पडत नाही, तशी तारेतली वीजही विचारणार नाही. माणसांनी आखलेल्या रेषा पुसत ती प्रकाश घेऊन पुढं जाईल. हे विचार माझे नाहीत. आमच्या कंपनीच्या अध्यक्षांनी वार्षिक सभेत ते मांडले, टाळ्या झाल्या, आणि ते खरे करायला किती खर्च येईल हे काढून आणण्यासाठी तिसऱ्या आठवड्यात मला पाठवण्यात आलं. विजेला सरहद्द ठाऊक नसेलही. तिच्या खांबांना, तारेला, तारेखालच्या चिनी मातीच्या वाट्यांना आणि माझ्यासारख्या ओव्हरसियरला ती चांगली ठाऊक असते.

आमची कंपनी वऱ्हाडातली, चिखलीच्या बाजूची. दिवसा आमच्याकडे वीज उरत होती, आणि सरहद्दीपलीकडे मोगलाईत, निजामाच्या राज्यात, जालन्याच्या कापसाच्या जिनांना दिवसाच वीज हवी होती. मधे डोंगर नाही, दाट रान नाही, नुसती शेतं. इंजिनियर साहेबांनी मला दोन अटी सांगितल्या. लाइनीचा खर्च जिनवाल्यांनी स्वतःचं तेलाचं इंजिन घेण्याच्या खर्चाहून कमी बसला पाहिजे, आणि तारेखालच्या जमिनीवर कुठंही वाद असता कामा नये. निजामाच्या कचेऱ्यांत उर्दू कागद घेऊन फिरण्याची कंपनीची तयारी नव्हती. दोन्हींतली एक जरी अट मोडली, तरी लाइन रद्द.

वाटा दोन होत्या. एक देऊळगावराजावरून, आणि दुसरी जाफराबाद-टेंभुर्णीवरून. मी दुसरी सुचवली आणि तिची तीन कारणं लिहून दिली. चौथं लिहिलं नाही. टेंभुर्णीत माझी थोरली बहीण दिलेली आहे.

अक्काला मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हा ती येऊन गेली. पुढच्या वर्षी मी गावचं घर विकलं; मी नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहत होतो, आणि घेणारा घाईत होता. विकून झाल्यावर ध्यानात आलं की त्याच किमतीत मी अक्काचं माहेरही देऊन टाकलं होतं. तिचं एक कार्ड आलं: ‘खुशाल आहे. आडावरचा दोर आपला होता, तो दिलास का ठेवलास?’ मी उत्तर पाठवलं नाही. दोरही दिला होता.

आता लाइन मंजूर झाली तर बांधकामाची दोन वर्षं मला त्याच तालुक्यात मुक्काम पडणार होता. पौष महिन्यात मी निघालो तेव्हा अध्यक्षांच्या प्रकाशापेक्षा मला हे जास्त दिसत होतं.

नाका

सरहद्द म्हणजे एक कोरडा ओढा. अलीकडे लिंबाचं झाड, पलीकडेही लिंबाचं झाड. पलीकडच्या झाडाखाली करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानची जकात. कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपया तिथं थोडा मोठा होतो आणि हाली, म्हणजे निजामाचा, रुपया थोडा लहान. तेवढ्यावरून कळतं की आपण राज्य बदललं.

माझ्याबरोबर सुभान मियाँ होते. ते साखळी ओढणारे. तीस वर्षं जमीन मोजत आले होते आणि स्वतःची बिघाभर जमीनही नव्हती. त्यांनी साखळी, झेंड्याच्या काठ्या आणि दुर्बीण नाकेदारापुढं मांडली. नाकेदार सावकाश बोलणारा, तपकीर ओढणारा गृहस्थ होता.

“तुमची लाइन झाली तर इथून काय काय जाणार?” त्यानं विचारलं.

“खांब, तांब्याची तार, चिनी मातीच्या वाट्या.”

“तांबं भांड्यांत येतं.”

“ही तार आहे. भांडी नाहीत.”

“दराच्या कागदात तांबं एकाच जागी लिव्हलंय, भांड्यांखाली. तुम्ही त्याचे हंडे करा न्हाईतर तार करा. महसूल बराबर तोच.” त्यानं एक चिमूट ओढली. “आन् मंग तारेतून काय जाणार?”

“वीज.”

“रोज?”

“रोज.”

“वजनानं का नगानं?”

मी युनिट समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं तो आदरानं ऐकला. शेवटी म्हणाला, “हे बघा साहेब, हैदराबादेहून खुलासा येईस्तोवर मला ती रोखून ठेवावी लागंल. जिम्मेदारी माझ्यावर हाय.”

“कुठं ठेवाल?”

त्यानं वळून मागच्या खोलीकडे पाहिलं. तीत गुळाच्या ढेपा आणि एक जप्त केलेली सायकल होती. “जागा करू,” तो म्हणाला.

मग त्यानं माझी पेटी उघडायला लावली. वरच चिखलीच्या बाजारात घेतलेलं हिरवं लुगडं होतं. नवं कापड, म्हणजे महसूल आला.

“हे कोणाला?”

“बहिणीला. टेंभुर्णीला दिलीय.”

त्यानं लुगडं बाहेर काढलं नाही. पेटीचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं आणि म्हणाला, “जल्दी निघा. ऊन चढायच्या आत पोचाल.”

जाफराबाद

जाफराबादेत दोन नद्या एकमेकींना मिळतात, आणि एक किल्ला त्या मिळणीकडे बघत उभा आहे. तहसीलदार साहेबांनी गुलाबपाण्यानं स्वागत केलं. कचेरीच्या भिंतीवरच्या घड्याळाला हार घातला होता. ते बंद होतं. त्यांच्या पेशकारांनी, म्हणजे कारकुनांनी, छापील असावं असं भाषण तोंडपाठ म्हटलं, त्यात जाफराबादेची तुलना इराणातल्या एका शहराशी होती. शहराचं नाव मी विसरलो. बाहेर आल्यावर सुभान मियाँ म्हणाले, “साब, इत्ता गुलाबपानी मेरी शादी में भी नै था.”

या स्वागतातून कामाची एक गोष्ट निघाली. तहसीलदारांनी जमीनमहसूल तपासणारा गिरदावर आणि गावचा पटवारी माझ्याबरोबर दिले, म्हणजे शेतांतून जाताना कुणी अडवणार नाही. मला ती मदत वाटली. पुढं जे झालं ते या मदतीमुळं झालं.

टेंभुर्णी

अक्का दारापुढं सुपात तूर पाखडत बसली होती. मी छकड्यातून उतरलो तेव्हा तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मागं सुभान मियाँकडे पाहिलं आणि पुन्हा सूप हलवलं. तीन-चार झटक्यांनंतर सूप थांबलं.

“जेवायलाच आलास ना?” ती म्हणाली, जणू मी शेजारच्या गल्लीतून आलो होतो.

तिचे केस पिकले होते. सांगायला हवं असं आणखी एक म्हणजे तिची बोली बदलली होती. आमच्या आईचं बोलणं तिच्या तोंडून ऐकायला मिळेल अशा आशेनं मी आलो होतो, आणि ती ‘न्हाई’ आणि ‘मंग’ म्हणत होती. सात वर्षांपूर्वीही कदाचित म्हणत असेल. तेव्हा मी ऐकत नव्हतो. सुपातली तूर मात्र ती आईसारखीच, डाव्या कोपऱ्याकडे झटकत होती. मी बराच वेळ ते बघत राहिलो. तिला वाटलं मला भूक लागलीय.

तिनं येसराची आमटी केली. आमच्याकडे वऱ्हाडात आमटीवर तेलाचा लाल तवंग आल्याखेरीज पाहुणा आल्यासारखा वाटत नाही. इकडं येसर, म्हणजे भाजून दळलेल्या धान्या-मसाल्यांचं पीठ, लावून आमटी दाट करतात. बाजरीची भाकरी तिच्यात कुस्करून खायची. पहिल्या घासाला ती मला परकी लागली. तिसऱ्या दिवशी मी ती मागून घेत होतो.

माझे मेहुणे, ज्यांना मी दाजी म्हणतो, हसतमुख आणि जमिनीवर जीव असलेले गृहस्थ. त्यांनी आल्या आल्या मला विचारलं, “पाव्हणे, खांब कुठून नेणार?”

मी सांगितलं: शक्य तिथं धुऱ्यावरून. दोन शेतांमधला बांध तो धुरा. तिथं कुणी पेरत नाही, म्हणून खांब तिथं उभा केला तर कुणाचं पीक जात नाही आणि कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. रेघ सरळ ठेवायची, फक्त खांबाची जागा दोन-चार हात पुढं-मागं करून धुऱ्यावर आणायची. ही युक्ती माझी स्वतःची होती, आणि तिच्यामुळं खर्च बराच उतरत होता. मला तिचा अभिमान होता, हेही लिहून ठेवतो.

दाजी हसायचे थांबले. “धुऱ्यावरून,” ते म्हणाले. “पटवारी संग असताना?”

“हो. गिरदावरही.”

“बराबर हाय,” दाजी म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला उठले.

पुढचे चार दिवस आम्ही टेंभुर्णीच्या शिवारात खुंट्या ठोकल्या. बाभळीच्या खुंट्या, डोकी चुन्यानं पांढरी केलेली, त्यांवर गेरूनं आकडे. सुभान मियाँ साखळी ओढत, मी दुर्बिणीतून पाही, पटवारी छत्री धरून उभा राही आणि गिरदावर हुरडा खात असे. ज्वारी पोटरीतून निघून दाण्यावर आली होती. प्रत्येक शेताचा धनी आमच्यामागं चाले आणि मान हलवी. विरोध कुणीच केला नाही. एवढी सहमती मी कधी कुठं पाहिली नव्हती, आणि हे मी पुण्याच्या सभाही पाहिलेला माणूस सांगतो.

दुपारी अक्का शेतावर भाकरी घेऊन येई. हे काम गड्याचं. पण ती स्वतः येई आणि मी जेवत असताना खुंट्यांच्या रांगेकडे बघत बसे. एकदा तिनं विचारलं, “हे समदं उभं करायला किती दिस लागतील?”

“दोन वर्षं.”

“आन् तू इथंच?”

“जाफराबादेत खोली घेईन. आठवड्याला इकडं येईन.”

ती म्हणाली, “मंग घाई कशाला करतोस. बराबर मोजून मोजून कर.”

विजेबद्दल तिनं मला एकदाही काही विचारलं नाही. निरोप घेताना मात्र तिनं खोलीबद्दल विचारलं: कोणत्या आळीत, पाणी कुठून, शेजार कोणाचा. मी उत्तरं दिली. ती खोली अजून अस्तित्वात नव्हती, पण तिच्या खिडकीतून काय दिसेल तेही मी सांगितलं.

जालना

जालन्यात भावांची चौकशी. खांबांसाठी सागवान घ्यावं तर ते आमच्याकडून येणार आणि नाक्यावर अडणार. म्हणून रेल्वेचे जुने रूळ उभे करायचं ठरत होतं. तीन व्यापाऱ्यांकडून लाखबंद पाकिटात भाव मागवले होते. तिन्ही पाकिटं मी जिनवाल्या शेठजींसमोर फोडली. तिन्ही कागद एकाच अक्षरात होते. लाखेवरचा ठसाही एकच होता. पाठ वळवलेल्या मोराचा.

अक्षराचा धनी बाहेर पायरीवरच सापडला. तो अर्ज लिहून देणारा म्हातारा होता, कानाला बोरू लावलेला.

“तिघंही माझ्याकडंच येतात साहेब,” तो म्हणाला. “आकडे ज्याचे त्याचे. अक्षर फक्त माझं.”

“त्यांना एकमेकांचे आकडे कळत असतील.”

“मी बिलकुल सांगत न्हाई. ते तिघं एकाच चटईवर बसल्ते, आता कान कोणाचे झाकू?”

शेठजींच्या घरी संध्याकाळी पानसुपारी झाली. एका वकिलांनी अंधारावर पाऊण तास भाषण केलं. शेठजी माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, “ओव्हरसियर साहेब, मला अंधाराचं काही नाही. माझं जीन दिवसा चालतं. इंजिनापेक्षा खर्चा कमी आला तर तुमची तार, नाहीतर इंजिन. सरकी काही थांबत नाही.” त्या संध्याकाळचं एकमेव खरं भाषण ते होतं.

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या ओसरीवर मी अंदाजपत्रकाला बसलो. रूळ, तार, वाट्या, मजुरी, करोडगिरी. पहिली बेरीज इंजिनापेक्षा वर गेली. मी पुन्हा केली. या खेपेला प्रत्येक अपूर्णांक खालच्या बाजूला पडला. मजुरी मी जरा कमी धरली, कारण माणसं इथं स्वस्त आहेत असं मला वाटू लागलं होतं. करोडगिरी अर्धी धरली आणि समोर लिहिलं, ‘सवलतीची अपेक्षा’. नाकेदाराला पाहिलेल्या माणसानं अशी अपेक्षा करायची नसते. तिसरी बेरीज इंजिनाच्या किंचित खाली आली.

एरवी मी दुसऱ्यांच्या अंदाजपत्रकांत असल्या जागा पाच मिनिटांत शोधतो आणि लाल पेन्सिलीनं खूण करतो. त्या दिवशी लाल पेन्सिल पेटीत राहिली. समोरच्या रस्त्यानं रुईचे गठ्ठे घेऊन गाड्या स्टेशनाकडे जात होत्या, आणि मी जाफराबादेतल्या त्या नसलेल्या खोलीच्या खिडकीतून दोन नद्या बघत होतो.

पहिली अट अशी बसली. दुसरी तर आपोआपच बसलेली होती. टेंभुर्णीत कुणी हरकतच घेतली नव्हती.

पुन्हा टेंभुर्णी

परतताना खुंट्यांची रांग एकदा तपासायची म्हणून सकाळीच शिवारात गेलो. सुभान मियाँ दूर झेंडा धरून उभे राहिले. मी दुर्बिणीला डोळा लावला. खुंट्या एका रेघेत दिसायला हव्यात. त्या पाण्यातल्या सापासारख्या दिसत होत्या.

सुभान मियाँ सावकाश चालत आले. “साब,” ते म्हणाले, “लकड्यां चल के गयां.”

त्या खरंच चालत गेल्या होत्या. कुठं दोन हात, कुठं तीन. काही उजवीकडे, काही डावीकडे. एका खुंटीशेजारी तर तीन भोकं होती. एका शेजाऱ्यानं ती सरकवली, दुसऱ्यानं परत ढकलली, पहिल्यानं पुन्हा थोडी. असं करत दोघांनी मिळून ती जवळजवळ मूळ जागी आणली होती.

झालं होतं ते असं. गावानं वीज, खांब, जिनं, यातलं काहीच मनावर घेतलं नव्हतं. त्यांनी पाहिलं ते एवढंच: पटवारी आला, गिरदावर आला, दुर्बीण आली, आणि दोन शेतांच्या मधोमध आकडा घातलेली खुंटी पडली. म्हणजे सरकारी मोजणी झाली. आता खुंटी जिथं आहे तिथं धुरा कायमचा. पिढ्यान्‌पिढ्या नांगराच्या एकेका तासानं, एकेका ओळीनं, इकडं तिकडं सरकत आलेल्या धुऱ्याला शेवटचं सरकायची हीच संधी होती. आमच्यामागं मान हलवत चालणारी सगळी माणसं खुंटीची जागा पाठ करत होती.

दाजींच्या आणि त्यांचे चुलतभाऊ किसनराव यांच्या शेतांमधली खुंटी किसनरावांच्या ज्वारीत अडीच हात आत उभी होती. भोवतीची माती नीट दाबून वर काटक्या टाकल्या होत्या. एवढी सुबक खुंटी मीही ठोकली नव्हती.

घरी आलो. दाजी ओट्यावर दोर वळत होते.

“दाजी, ती खुंटी तुम्ही हलवली?”

“कोणती?”

“चौतीस नंबरची.”

“आकडा म्यां न्हाई पाह्यला,” दाजी म्हणाले. मग दोर खाली ठेवून म्हणाले, “पाव्हणे, तुमचा खांब येईल तवा येईल. धुरा तर आज हाय. किसन्याच्या बापानं आमच्या बापाच्या टायमाला तीन हात खाल्ल्ते. म्यां अडीचच घेतले.”

“जमिनीवर वाद निघाला तर लाइन रद्द होते.”

“वाद कुठं हाय? भावकीत असतंच की.”

दारात किसनराव येऊन उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, हातात गुंडाळलेला कागद. ते जाफराबादेला निघाले होते, मुन्सिफांच्या कोर्टात दरख्वास्त, म्हणजे दाव्याचा अर्ज, द्यायला, आणि जाताना वाटेत सांगून जायची रीत म्हणून आले होते.

“वैनी, येतो,” ते आत अक्काला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “ओरसेर साहेब, तुमच्यावर राग न्हाई. पण खुंटी तुमची, तवा साक्षीदार म्हणून तुमचं नाव घातलंय. तेवढं चालंल ना?”

“च्या घेऊन जा,” दाजी म्हणाले.

“आल्यावर घेतो. ऊन व्हईल.”

ते गेले. अक्का दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि लाइन रद्द म्हणजे काय हे तिला माझ्याइतकंच कळलं होतं. ती नवऱ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, “तुमच्या अडीच हातापायी माहा भाऊ गेला.”

दाजींनी दोर पुन्हा हातात घेतला. थोड्या वेळानं त्यांना तो वळताच येईना. ते उठून शेतावर गेले. मला वाटतं, ती खुंटी परत लावायला गेले असावेत. पण किसनरावांनी ती तशीच राहावी म्हणून तिच्याजवळ आपला गडी बसवून ठेवला होता. पुरावा होता तो.

दुपारी अक्कानं आम्हा दोघांची ताटं वाढली. धपाटे केले होते. मी निघणार म्हणून पहाटेपासून केले होते. ते वाटेत खायला बांधूनही दिले. छकड्यात बसलो तेव्हा ती म्हणाली, “ती खोली दुसऱ्या कोणाला दिली तर मला नको सांगूस.”

मला समजायला जरा वेळ लागला. मग म्हटलं, “बरं.”

परतीनंतर

अहवालात एक रकाना होता: ‘मार्ग वादमुक्त आहे काय?’ त्या रकान्यापुढं मी एक अख्खी सकाळ बसलो. शेवटी ‘बहुतांशी’ असं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि मेजाच्या खणातून एक उर्दू कागद काढून माझ्यापुढं ठेवला. जाफराबादेहून माझ्या नावाचं समन्स माझ्या अहवालाच्या आधी पोचलं होतं. मग साहेबांनी लाल पेन्सिल घेऊन करोडगिरीच्या रकमेभोवती एक गोल काढला. रागावले नाहीत. लाइन रद्द झाली. शेठजींनी तेलाचं इंजिन घेतलं, आणि वकिलांनी त्याच्या पूजेलाही भाषण केलं असं ऐकलं.

संस्थानी कोर्टाच्या बोलावण्याला मी जायलाच हवं असं नव्हतं. पण संस्थानाशी संबंध गोड असावेत, पुढंमागं उपयोगी पडतात, असं अध्यक्षांचं मत पडलं. म्हणून चैत्रात पहिल्या पेशीला, पहिल्या सुनावणीला, मी गेलो. आदल्या दिवशी टेंभुर्णीला मुक्काम केला. सकाळी दाजी, किसनराव आणि मी एकाच दमणीतून जाफराबादेला गेलो. बैल दाजींचे, दमणी किसनरावांची. अक्कानं तिघांची भाकरी एकाच फडक्यात बांधली होती. मुन्सिफ साहेब रजेवर होते. कोर्टाच्या पेशकारांनी पुढची तारीख दिली.

असं आता चार वेळा झालं आहे. दोनदा मुन्सिफ रजेवर होते, एकदा मिसल, म्हणजे दाव्याची कागदपत्रं, सापडली नाही, एकदा मिसल सापडली पण तिच्यात दुसऱ्याच कुणाच्या म्हशीचा दावा होता. दर खेपेला मी दोन दिवस टेंभुर्णीत राहतो. अक्का आमटीला येसर लावते, आणि आता ती तूर पाखडत असताना मी समोर बसतो. मला काहीच काम नसतं. तिची बोली मला आता वेगळी ऐकू येत नाही. माझीच थोडी बदलली आहे, असं ऑफिसातले म्हणतात.

मागच्या पेशीला मुन्सिफ साहेब हजर होते. त्यांनी दोघा भावांना शांतपणे सांगितलं, अडीच हातांसाठी किती दिवस घालवता, सव्वा सव्वा हात वाटून घ्या आणि तडजोड लिहून द्या. किसनराव तयार झाले. दाजींनी मात्र घरी विचारून सांगतो म्हटलं. येताना दमणीत दोघं भाऊ हसून बोलत होते. खत्म करून टाकू, असं ठरलंच होतं.

घरी दाजींनी अक्काला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

“तडजोड झाली म्हंजे पेशी संपली?” तिनं मला विचारलं.

“संपली.”

“मंग तू कंदी येणार?”

किसनराव दाराशी चहाचा पेला घेऊन उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला.

“तीन हात खाल्ल्ते त्यांच्या बापानं,” अक्का म्हणाली. “आम्ही सव्वा हातावर ऐकणार न्हाई. हाय का न्हाई, किसन भाऊजी?”

किसनरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बराबर हाय, वैनी,” ते म्हणाले. “म्यां बी ऐकत न्हाई मंग.”

पुढची पेशी फाल्गुनात आहे. जालना लाइनीच्या नावानं कंपनीनं जे खातं उघडलं होतं ते मिटवायचं राहून गेलं आहे, आणि माझा जाण्या-येण्याचा खर्च त्यातूनच मिळतो.